चेकलिस्ट तोंडपाठ असली तरी वाचूनच का म्हणायची?

उड्डाणरेषा (धाग्याची सुरुवात)

मागच्या रविवारी आई आणि मामा यांना घेऊन इंदूरच्या बिजासन टेकडीवर गेलो होतो. टेकडी विमानतळाला लागूनच असल्यामुळे दर्शन घेऊन बाहेर आले की चढणारी-उतरणारी विमाने अगदी जवळून दिसतात. तेथे उभे असताना मामांनी विचारले, "सात वर्षे झाली तू रोज तेच विमान चालवतोस. मग टेक-ऑफच्या आधी तीच दहा-बारा वाक्ये अजून कार्डावरून वाचावी का लागतात? एव्हाना पाठ झाली नाहीत का?" प्रश्न इतका सरळ होता की मला तेथे त्याचे धड उत्तर देता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पाठ झाली आहेत. झोपेतून उठवले तरी ती वाक्ये मी क्रमाने म्हणून दाखवीन, आणि नेमके त्यामुळेच ती वाचावी लागतात. कॉकपिटमधले काम दोन पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीत आम्ही ठरलेल्या क्रमाने हात फिरवीत सगळी बटणे आणि दांडे जागेवर लावतो. याला आम्ही फ्लो म्हणतो, आणि तो आठवणीनेच करायचा असतो. दुसऱ्या पायरीत एक वैमानिक कार्डावरची ओळ वाचतो आणि दुसरा त्या वस्तूकडे पाहून तिची स्थिती सांगतो. याचा अर्थ चेकलिस्ट ही काम शिकवणारी कृतीपुस्तिका नाही. झालेले काम खरोखर झाले आहे का, हे आठवणीला बाजूला सारून डोळ्यांना विचारण्याची ती पद्धत आहे. दुसऱ्या पायरीतही पाठांतरच वापरले, तर आठवणीची तपासणी आठवणीनेच केल्यासारखे होते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. प्रशिक्षणाच्या काळात एकट्याने उडण्याची परवानगी मिळून तीनच आठवडे झाले होते. सकाळी सेसना १७२ भोवती फिरून बाहेरची तपासणी करीत होतो. डाव्या पंखाखाली पिटो नळी असते. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून वेगमापकाला मिळतो. रात्री तिच्यात किडा-माती जाऊ नये म्हणून तिच्यावर लाल फीत लोंबणारे कव्हर घालतात. मी त्या पंखाजवळ पोहोचलो आणि खिशातला फोन वाजला. आई विचारत होती की संध्याकाळी घरी येणार आहेस का, मामा आलेले आहेत. जेमतेम अर्ध्या मिनिटाचे बोलणे झाले. फोन ठेवून मी पुढच्या ओळीपासून तपासणी सुरू केली, कारण पिटो कव्हर काढल्याचे मला स्पष्ट आठवत होते. ती आठवण खरीच होती, फक्त ती आदल्या दिवसाची होती. धावपट्टीवर विमान वेग घेऊ लागले, जमीन झपाट्याने मागे जात होती, आणि वेगमापकाचा काटा मात्र जागचा हलत नव्हता. काटा जिवंत झाला का हे त्या क्षणी पाहण्याची सवय आमच्या शिक्षकांनी लावलेली होती, म्हणून मी पॉवर कमी करून थांबलो. थांबल्यावर डाव्या खिडकीतून लाल फीत फडफडताना दिसली.

तपासणीचे ज्ञान मला होते, इच्छाही होती, आणि वेळही भरपूर होता. मध्ये एक फोन आला आणि रोजच्या सरावाने आजची रिकामी जागा कालच्या आठवणीने भरून टाकली, एवढेच घडले. त्यानंतर मी अपघातांचे जे अहवाल वाचले, त्यांतल्या कित्येकांत हीच गोष्ट वेगवेगळ्या कपड्यांत भेटली.

चेकलिस्टचा जन्मही अशाच एका विसरलेल्या गोष्टीतून झाला आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडाले. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीची पाती आपटू नयेत म्हणून ती आतून अडकवून ठेवणारी कळ असते. ती काढायची राहिली. विमान वर गेले, नाक उचलत राहिले आणि कोसळले. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर असे दोन मुरलेले वैमानिक त्यात गेले. एकट्या माणसाने लक्षात ठेवण्याच्या मानाने या विमानात फार गोष्टी आहेत, असे तेव्हा म्हटले गेले. वैमानिकांनी त्यावर उपाय म्हणून अधिक प्रशिक्षण मागितले नाही. त्यांनी छोट्या कार्डावर ओळी लिहून काढल्या. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने उडाले.

या धाग्यावर वैमानिक थोडे असतील याची मला कल्पना आहे, पण ज्यांच्या कामात एक विसरलेली कृती महाग पडते अशा सर्वांनी लिहावे, अशी विनंती आहे.

लोहमार्गी

मी रेल्वेच्या रतलाम विभागात लोको पायलट, म्हणजे इंजिनचालक, म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे कार्ड नसते, पण आपण सांगता त्याच जातीची एक शिस्त आहे. सिग्नल दिसला की असिस्टंट हात वर करून त्याचा रंग मोठ्याने सांगतो, आणि लोको पायलट स्वतः पाहून तेच मोठ्याने परत म्हणतो. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटते. दोघे शेजारी बसलेले, दोघांनाही तोच सिग्नल दिसतो आहे, मग ओरडायचे कशाला? परंतु पहाटे तीन-चारच्या सुमारास डोळे उघडे असतात आणि पाहणारा मात्र आत झोपलेला असतो. तोंडाने रंग उच्चारायचा म्हटला की डोळ्याला तो खरोखर पाहावा लागतो. हात वर करायचा म्हटला की अंग जागे होते.

यातला धोकाही सांगतो, कारण तो मी अनुभवला आहे. रोजच्या मार्गावर एखादा सिग्नल वर्षानुवर्षे हिरवाच मिळत असतो. अशा ठिकाणी तोंडातून "हिरवा" हा शब्द सिग्नल दिसण्याआधीच बाहेर पडू पाहतो. माझ्या एका असिस्टंटने असा शब्द उच्चारला आणि मीही तो सवयीने परत म्हणालो; वळण संपल्यावर समोर पिवळा होता. ब्रेक लावायला अंतर पुरेसे होते, काही झाले नाही. पण त्या रात्रीनंतर माझा नियम झाला की असिस्टंटचा आवाज ऐकून उत्तर द्यायचे नाही, सिग्नल पाहूनच द्यायचे, मग एक क्षण उशीर झाला तरी चालेल. पातालपाणीहून कालाकुंडकडे घाट उतरण्यापूर्वी ब्रेकची चाचणी घेतानाही मी हेच पाळले. काल याच इंजिनाचे ब्रेक उत्तम लागले होते, हे आजच्या चाचणीचे उत्तर होऊ शकत नाही.

तर्ककठोर

दोन्ही लेखन मनापासून आवडले, तरी एक शंका मांडतो. मी पीथमपूरला एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतो. आमच्याकडे सुरक्षेचा पहिला धडा असा आहे की जे माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून आहे ते सुरक्षित नव्हे. प्रेसचे, म्हणजे दाबयंत्राचे, दार उघडे असेल तर प्रेस चालूच होत नाही. कामगाराने दार लावले का हे कोणी कार्डावरून वाचत नाही. मग विमानात फ्लॅप लागलेले नसताना इंजिनाला पूर्ण जोर मिळताच कर्कश भोंगा वाजावा, एवढे पुरेसे का नाही? माणसाला शिस्त लावण्याऐवजी यंत्राला लावावी, असे मला वाटते.

उड्डाणरेषा

तर्ककठोर यांचा मुद्दा योग्य आहे आणि तसा भोंगा विमानात असतो. तो असूनही काय घडले, हे तीन उदाहरणांनी सांगतो.

१६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून नॉर्थवेस्ट कंपनीचे २५५ क्रमांकाचे एमडी-८२ विमान निघाले. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची पाती. ती बाहेर काढली की कमी वेगातही पंखाला पुरेशी उचल मिळते. ही पाती साधारणतः टॅक्सी, म्हणजे विमानाचे जमिनीवरून धावपट्टीकडे जाणे, सुरू झाल्यावर लावली जातात आणि टॅक्सी चेकलिस्टमध्ये तपासली जातात. त्या दिवशी नेमके तेव्हाच विमानतळाच्या नियंत्रण टॉवरने धावपट्टी बदलून दिली. सहवैमानिक नव्या धावपट्टीचे आकडे आणि हवामानाची नवी माहिती मिळवण्यात गुंतला, वाटेत एक वळणही चुकले, आणि या गडबडीत टॅक्सी चेकलिस्ट म्हणायचीच राहिली. भोंगा होता, पण त्या यंत्रणेला वीजच मिळत नव्हती. विमानातले १५४ आणि जमिनीवरचे दोन असे १५६ जण गेले. विमानातली फक्त चार वर्षांची एक मुलगी वाचली.

दुसरे उदाहरण २० ऑगस्ट २००८ चे, माद्रिदचे. स्पॅनएअरचे विमान, पुन्हा एमडी-८२. एकदा धावपट्टीपर्यंत जाऊन ते एका तापमानमापकाच्या बिघाडामुळे परत आले होते. दुरुस्ती झाली, उशीर झालेला, उकाडा, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. या वेळी फ्लॅप लागले नाहीत आणि भोंगाही वाजला नाही. मला सर्वांत जास्त हलवून गेली ती गोष्ट पुढची आहे. शेवटच्या तपासणीत सहवैमानिकाने फ्लॅपचा आकडा उच्चारला होता, आणि तो बरोबर होता. फक्त तो डोळ्यांनी पाहिलेला आकडा नव्हता, त्या जागी रोज म्हटला जाणारा आकडा होता. १५४ माणसे गेली, १८ वाचली. लोहमार्गी काकांचा न दिसताच म्हटलेला "हिरवा" वाचताना मला हाच आकडा आठवला.

तिसरे सायप्रसच्या हेलिओस कंपनीच्या विमानाचे, १४ ऑगस्ट २००५. देखभालीनंतर केबिनमधला हवेचा दाब सांभाळणारी कळ आपोआपऐवजी हाताने चालवायच्या स्थितीत राहिली होती. उड्डाणापूर्वी, इंजिन सुरू करण्यापूर्वी आणि उड्डाणानंतर अशा तीन वेळा ती नजरेखालून गेली आणि तिन्ही वेळा निसटली. येथे भोंगा वाजला, मोठ्याने वाजला. पण त्या विमानात केबिनच्या दाबाचा भोंगा आणि टेक-ऑफच्या चुकीचा भोंगा एकाच आवाजाचे होते, आणि वैमानिकांनी त्याचा अर्थ चुकीचा लावला. प्राणवायू कमी होत गेला, शुद्ध हरपली, आणि विमान इंधन संपेपर्यंत आपोआप उडत राहिले. १२१ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की यंत्राचा भोंगा ही शेवटची भिंत आहे. ती असायलाच हवी, परंतु तिच्या भरवशावर आधीच्या भिंती पाडता येत नाहीत. आपल्या प्रेसचे दार बंद होते किंवा उघडे असते. विमानात मात्र एकाच कळीची जी स्थिती एका वेळी योग्य असते ती दुसऱ्या वेळी घातक ठरते, त्यामुळे दाराला कुलूप घालण्याइतके सोपे उत्तर प्रत्येक ठिकाणी सापडत नाही.

जुनी शाळा

मी येथे संस्कृत शिकवीत असे. विमानाशी माझा संबंध खिडकीजवळच्या आसनापुरता आहे. तरीही या धाग्याने माझ्या विषयातली एक गोष्ट मला उलटी करून दाखवली, ती सांगावीशी वाटते.

आपल्या परंपरेत अधम पाठक कोण, हे सांगणारा एक जुना श्लोक आहे. त्यात सहा प्रकारचे वाचक दोषी ठरवले आहेत आणि त्यांत एक "लिखितपाठक" आहे, म्हणजे समोर लिहिलेले ठेवून वाचणारा. ज्याला पाठ नाही तो कमी प्रतीचा, ही समजूत आपल्या घराघरांत किती खोल गेली आहे ते पाहा. पोथी न उघडता म्हणणाऱ्याचे कौतुक होते आणि पोथी पाहून म्हणणारा जरा ओशाळतो. कॉकपिटमध्ये नेमका लिखितपाठकच उत्तम ठरतो, आणि मामांचा प्रश्न याच संस्कारातून आला असावा असे मला वाटते. मात्र त्याच श्लोकातले आणखी दोन दोष तेथेही दोषच राहतात. एक "शीघ्री", म्हणजे भरभर म्हणून मोकळा होणारा, आणि दुसरा "अनर्थज्ञ", म्हणजे अर्थाकडे लक्ष नसलेला. माद्रिदच्या सहवैमानिकाच्या तोंडून बरोबर आकडा निघाला, पण त्या क्षणी त्या आकड्याचा अर्थ, म्हणजे पंखाची खरी अवस्था, त्याच्यासमोर नव्हती.

दुसरी गोष्ट घरगुती आहे. गणपतीत आम्ही रामबागेत सामूहिक अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करतो. म्हणणारे सगळे पंडित असले तरी मोजदाद आठवणीवर सोडत नाहीत. एक जण एकवीस सुपाऱ्या घेऊन बसतो आणि प्रत्येक आवर्तनाला एक सुपारी उचलून दुसऱ्या ताटलीत ठेवतो. मध्ये कोणी आले, निरांजन शांत झाले, पाणी मागितले, तरी सुपारी जागा सांगते. आपल्याकडे कॉकपिटमध्ये सुपारीचे काम कोण करते?

टेलव्हील

जुनी शाळा यांनी विचारलेला प्रश्न हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. मी बरीच वर्षे उड्डाण शिकवले आणि आता इंदूरला स्थायिक आहे.

कार्डावरचा अंगठा ही आमची सुपारी. विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी सांगत असे की जी ओळ चालू आहे तिच्यावर अंगठा ठेव, आणि उत्तर मिळाल्याखेरीज अंगठा खाली सरकवू नकोस. मध्ये टॉवरने हाक मारली तर आधी "चेकलिस्ट थांबली" असे मोठ्याने म्हणायचे, मग रेडिओला उत्तर द्यायचे. मोठ्याने म्हणण्याचे कारण असे की त्यामुळे चेकलिस्ट अर्धवट असल्याचे दोघांच्याही कानावर पडते आणि ती पूर्ण करणे दोघांचीही जबाबदारी होते. व्यत्यय दोन वाक्यांपेक्षा लांबला तर जेथे थांबलो तेथून पुढे जायचे नाही, ती चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून घ्यायची. विद्यार्थी कुरकुर करीत, कारण इंजिन चालू असते, तासाचे पैसे मोजलेले असतात आणि मागे दुसरे विमान उभे असते. पण जेथे थांबलो ती जागा आठवणारी बुद्धी आणि व्यत्ययाने विस्कटलेली बुद्धी या दोन वेगळ्या नाहीत. उड्डाणरेषा यांना आपण कोठे थांबलो हे अगदी स्पष्ट आठवत होते, आणि ते चूक होते.

तिसरी गोष्ट, "चेकलिस्ट पूर्ण" हे शब्द. शेवटच्या ओळीचे उत्तर आले की काम संपल्यासारखे वाटते आणि हे शब्द कित्येक जण गिळतात. ते म्हणायचे ठरवले की न म्हटलेली चेकलिस्ट कानाला टोचू लागते. चौथी गोष्ट उत्तरांची. "लावले", "ठीक आहे", "तपासले" ही उत्तरे मी स्वीकारीत नसे. फ्लॅप विचारले तर अंश सांगायचे, इंधन विचारले तर आकडा सांगायचा, आणि तो सांगताना हात त्या दांड्यावर किंवा नजर त्या काट्यावर हवी. आकडा पाठ होऊन बसतो हे माद्रिदने दाखवलेच आहे, म्हणून नुसता आकडाही पुरत नाही, त्याच्यासोबत स्पर्श लागतो.

स्पर्शालाही नजरेची सोबत हवी, हे नेपाळमधल्या पोखऱ्यात दिसले. १५ जानेवारी २०२३ रोजी तेथे उतरत असलेल्या यती एअरलाइन्सच्या एटीआर ७२ विमानात फ्लॅपचा दांडा हलवायचा असताना शेजारचे प्रोपेलरचे दांडे मागे ओढले गेले. पंख्यांची पाती वाऱ्याला समांतर झाली आणि इंजिने चालू असूनही विमानाला पुढे ढकलणारा जोर उरला नाही. ७२ जण गेले. हात दांड्यावर पोहोचला होता, फक्त तो दुसरा दांडा होता.

आता थोडे कटू लिहितो. चेकलिस्ट मोडते ती नवख्यांच्या हातून कमी आणि मुरलेल्यांच्या हातून अधिक, असे माझे निरीक्षण आहे. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेतल्या बेडफर्डजवळ एक गल्फस्ट्रीम जेट धावपट्टीवरून उठलेच नाही आणि पुढे नाल्यात जाऊन पेटले. सात जण गेले. कारण काय, तर वाऱ्यासाठी पाती अडकवणारी तीच कळ. १९३५ नंतर ७९ वर्षांनी, सगळी कार्डे हाताशी असताना. तपासात विमानातल्या नोंदी काढल्या तेव्हा आढळले की या दोन वैमानिकांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के उड्डाणांत पाती पूर्ण हलवून पाहण्याची तपासणी नीट केलेली नव्हती. दोघे वर्षानुवर्षे एकत्र उडत होते, एकमेकांवर त्यांचा विश्वास होता. त्या सगळ्या उड्डाणांत काहीही वाईट घडले नाही, हाच त्यांचा गुरू ठरला आणि त्याने चुकीचे शिकवले. नवा विद्यार्थी घाबरून सगळ्या ओळी वाचतो. पाच हजार तास झालेल्या माणसाला कोणी विचारीत नाही, आणि सहवैमानिकाला विचारण्याचा संकोच वाटतो. मी सहवैमानिकांना सांगत असे की "सर, चेकलिस्ट राहिली" हे वाक्य आवाज न चढवता, पण दुसऱ्यांदा म्हणण्याचीही तयारी ठेवून म्हणायला शिका.

भुलतज्ज्ञ

टेलव्हील सरांच्या शेवटच्या परिच्छेदाने मला लिहायला भाग पाडले. मी शहरातल्या शस्त्रक्रियागृहांत भूल देते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट दिली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन थांब्यांवर ती म्हणायची असते. ही कल्पना मांडण्यात विमानक्षेत्राचा मोठा वाटा होता. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचेही एक होते, ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

हे वाचून आम्ही उत्साहाने सुरुवात केली. मग मी एका ठिकाणी पाहिले की सकाळी पहिल्या रुग्णाच्या वेळीच दिवसभराच्या सगळ्या कागदांवर खुणा करून ठेवलेल्या असत. कोणाचा हेतू वाईट नव्हता; यादी मोठी होती, परिचारिका एकच होती आणि दुपारी तिला श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नसे. कागद पूर्ण होता, तपासणी शून्य होती. अशा कागदापेक्षा कागद नसलेला बरा, कारण तो निदान खोटा दिलासा देत नाही. मी एवढेच बदलू शकले की छेद घेण्यापूर्वीचा थांबा मी स्वतः मोठ्याने घेते, रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा हातात धरून नाव वाचते, आणि त्या अर्ध्या मिनिटात कोणाचाही फोन वाजला तर पुन्हा पहिल्यापासून घेते. पहिले काही महिने शल्यविशारदांच्या कपाळावर आठ्या पडत. आता त्यांतले एक जण मी विसरले तर मला आठवण करून देतात.

तर्ककठोर

मी माझी शंका पूर्णपणे मागे घेत नाही, पण तिला मुरड घालतो. ताईंचा अनुभव मला कारखान्यातून ओळखीचा आहे. प्रत्येक अपघातानंतर कोणीतरी यादीत एक ओळ वाढवतो, कारण ओळ वाढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो. काही वर्षांत यादी इतकी लांब होते की ती प्रामाणिकपणे वाचणारा माणूस कामचुकार दिसू लागतो आणि खुणा करणारा कार्यक्षम ठरतो. विमानातही असे होते का?

टेलव्हील

होते. चांगल्या चेकलिस्टची कसोटी अशी की तीत फक्त त्याच गोष्टी असाव्यात ज्या विसरल्या तर जीव जाईल किंवा विमान मोडेल. बाकीच्या फ्लोमध्ये राहू द्याव्यात. शिवाय चेकलिस्ट कोणत्या क्षणी म्हणायची हेही आखावे लागते. टॅक्सी करताना रस्ता शोधायचा, टॉवरचे ऐकायचे आणि त्याच वेळी कार्ड वाचायचे, ही मांडणीच व्यत्ययाला आमंत्रण देणारी आहे. म्हणून टॅक्सी सुरू होण्यापूर्वीच फ्लॅप लावून, उभ्या विमानात ते तपासून घ्यावे, या मताचा मी आहे. माणसाला शिस्त लावण्याआधी कामाचा क्रम शहाणपणाने लावावा, इतपत मी आपल्याशी सहमत आहे.

रामबाग

प्रवाशाच्या बाजूने एक प्रश्न. दहा हजार फुटांखाली वैमानिकांनी गप्पा मारायच्या नाहीत असा नियम आहे म्हणतात. तो कितपत खरा आहे? आणि वरच्या उंचीवर लक्ष विचलित झाले तर चालते का?

उड्डाणरेषा

नियम खरा आहे. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या शार्लटजवळ ईस्टर्न कंपनीचे एक डीसी-९ विमान धुक्यात उतरताना धावपट्टीआधीच जमिनीला लागले आणि ८२ पैकी ७२ जण गेले. उतरण्याच्या त्या अखेरच्या टप्प्यातही दोघे वैमानिक राजकारण आणि जुन्या मोटारी अशा विषयांवर बोलत होते. पुढे १९८१ साली अमेरिकेत नियम आला की टॅक्सी, टेक-ऑफ, लँडिंग आणि दहा हजार फुटांखालच्या उड्डाणात त्या क्षणाच्या कामाबाहेरचे काहीही करायचे किंवा बोलायचे नाही. याला आम्ही स्टराइल कॉकपिट म्हणतो. आपल्याकडेही हे पाळावे लागते, आणि केबिनमधले सहकारीही त्या काळात अत्यावश्यक कारणाशिवाय आम्हाला फोन करीत नाहीत. चहा हवा का, हे विचारायलासुद्धा नाही.

मात्र व्यत्यय नेहमी गप्पांचाच असतो असे नाही. कामाचाच व्यत्यय अधिक फसवा असतो. २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ ईस्टर्नच्याच ४०१ क्रमांकाच्या ट्रायस्टार विमानात पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले. कोणाच्या तरी हाताचा धक्का नियंत्रणदांड्याला लागून दोन हजार फुटांवर धरलेली उंची सुटली असावी. विमान हळूहळू खाली आले, सूचनेचा आवाजही वाजला, आणि ते दलदलीत कोसळले. शंभराहून अधिक माणसे गेली. चाक व्यवस्थित बाहेर होते, बिघाड फक्त जळालेल्या दिव्यात होता. त्या वेळी सगळेच प्रामाणिकपणे काम करीत होते; विमान चालवण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. म्हणून आता काहीही बिघडले तरी कॅप्टन आधी म्हणतात, "विमान मी चालवतो, तू कार्ड काढ," किंवा याच्या उलट. कोणत्याही उंचीवर हे वाक्य पहिले असते.

सुदामानगर

मी हा धागा तीन दिवस वाचते आहे आणि लिहू की नको असे करीत होते. माझा मुलगा सध्या उड्डाणाचे प्रशिक्षण घेत आहे, घरापासून लांब. मी त्याला रोज सकाळी साडेसातला फोन करते. नाश्ता केलास का, झोप झाली का, एवढेच विचारायचे असते. आपल्या आईच्या फोनचा प्रसंग वाचल्यापासून माझ्या पोटात गोळा आला आहे. मी फोन करणे बंद करावे का? तो स्वतःहून कधीच नको म्हणणार नाही.

उड्डाणरेषा

काकू, फोन मुळीच बंद करू नका. चूक आईच्या फोनची नव्हती. फोन खिशात चालू ठेवून मी विमानाजवळ गेलो ही माझी चूक होती, आणि बोलणे झाल्यावर पहिल्या ओळीपासून सुरुवात केली नाही ही त्याहून मोठी चूक होती. आईला हे मी कित्येक वर्षे सांगितलेच नव्हते. बिजासनहून परतताना परवा सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तेव्हाच सांगायचे होतेस."

प्रशिक्षणात पहिली उड्डाणे बहुधा सकाळी लवकर असतात, कारण तेव्हा हवा शांत असते. साडेसातला तो बहुतेक विमानाभोवती फिरत असेल किंवा ब्रीफिंगमध्ये बसलेला असेल. आपण त्याला विचारून त्याच्या दिवसाची आखणी समजून घ्या, आणि विमानाकडे जाताना फोन बंद करून पिशवीत ठेवायचा असे त्याच्याकडून ठरवून घ्या.

सुदामानगर

आज दुपारी त्याच्याशी बोलले. तो म्हणाला की आई, तुझा फोन मी दोन वेळा पंखाजवळ उभा राहूनच घेतला होता, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आता असे ठरले आहे की उतरल्यावर, विमान बांधून झाले आणि वहीत नोंद केली की तो स्वतः फोन करील. टेलव्हील सरांचा अंगठ्याचा परिच्छेद मी त्याला जसाच्या तसा पाठवला आहे.

टेलव्हील

त्याला सांगा, पहिले काही दिवस अंगठा सुटेल. सुटला की पहिल्या ओळीपासून घ्यायचे.